कर्जतला गाडी का थांबते?

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबली की डब्यातली निम्मी माणसं बटाटावड्यासाठी फलाटावर उतरतात. उरलेल्यांना थोड्या वेळाने मागून एक हलका धक्का बसतो. बँकर लागला. घाट चढताना गाडीला मागून रेटणारी ही जादा इंजिनं लोणावळ्यापर्यंत सोबत करतात आणि तिथे सुटतात. डब्यात एखादं चौकस पोर असेल तर ते विचारतंच, "गाडी इथेच का थांबते?"

चढ आहे म्हणून, असं आपण सांगून टाकतो. ते खरंही आहे. या घाटात रुळांचा चढ १:३७ इतका आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे सरकताना गाडीला १ मीटर वर चढावं लागतं. रेल्वेच्या हिशेबात ही जवळजवळ भिंतच. पण पोर तेवढ्यावर ऐकत नाही. एवढा चढ होता तर रूळ इथूनच का नेले? कोणाला वर जायची इतकी घाई झाली होती? आता आपली पंचाईत होते, कारण पहिलं उत्तर भूगोलाचं होतं आणि दुसरं इतिहासाचं, आणि आपण शाळेत ही दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या वह्यांत उतरवून घेतलेली असतात.

मी काही वर्षं माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवली. भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत 'भौगोलिक कारणे लिहा' असा एक प्रश्न ठरलेला. इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'विधाने सकारण स्पष्ट करा'. म्हणजे कारणांचीसुद्धा वाटणी झालेली: ही तुझी, ही माझी. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे ४० गुण, भूगोलाचे ४०. पुस्तकं वेगळी, पेपर वेगळे. बी.एड.ला इतिहासाची अध्यापनपद्धती वेगळी, भूगोलाची वेगळी. आमच्याकडे भिंतीवरचे नकाशे भूगोलाच्या कपाटात असत आणि इतिहासाच्या तासाला ते मागायला गेलं तर कपाटाची किल्ली शोधण्यात तास संपे. लहान मुलांच्या परिसर अभ्यासात मात्र ओढा, देऊळ, बाजार आणि आजोबांच्या गोष्टी एकत्रच नांदतात. मूल मोठं होतं तशी आपण मध्ये भिंत घालतो.

दोन्ही विषय एकत्र शिकवायचे म्हणजे दोन पुस्तकं एका वेष्टनात शिवायची, असा अनेकांचा समज आहे. इतिहासाच्या धड्यात सुरुवातीला 'भौगोलिक पार्श्वभूमी' नावाचा परिच्छेद टाकला की झालं, असाही आहे. त्या परिच्छेदात नद्या, डोंगर आणि हवामान येऊन जातात, आणि पुढच्या पानावर राजे आले की डोंगर नाटकातल्या पडद्यासारखे मागे उभे राहतात. पुन्हा कोणी त्यांच्याकडे बघत नाही. मला स्वतःला एक साधा मार्ग बरा वाटत आला आहे. एकच जागा घ्यायची आणि तिथे वेगवेगळ्या काळात उभं राहून बघायचं. कर्जतच्या पोराने विचारलंच आहे, तर त्याच्या समोरचा कडाच घेऊ.

हा कडा ज्या काळ्या दगडाचा आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा रसाच्या रूपाने जमिनीतून वर आला. एकदा नाही, अनेकदा. थरावर थर साचत गेले. म्हणून सह्याद्रीचा कुठलाही उघडा कडा बघा, पायऱ्या रचल्यासारखा दिसतो: एक उभा कातळ, मग गवताळ पट्टा, पुन्हा कातळ. पूर्वेला हे पठार हळूहळू उतरत जातं आणि पश्चिमेला एकदम तुटतं. तुटलेल्या बाजूला खाली कोकण, वर देश. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला थडकून रिते होतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. समुद्र खाली, धान्य आणि कापूस वर, मध्ये ही भिंत. जिथे भिंतीला भेग, तिथे घाट. आता माणसं आणू.

कल्याणहून मुरबाडमार्गे गेलं की वैशाखरे गावापाशी नाणेघाटाची चढण लागते. वर पोचल्यावर घाटघर, पुढे जुन्नर. घाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. अभ्यासक तो साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची त्यात यादी आहे, आणि आकडे अंकांत कोरलेले आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींची शिल्पं होती. आता त्यांतली काही पावलं आणि वरची नावं तेवढी उरली आहेत. बाहेर दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. घाट चढून आलेल्याने त्यात जकातीचं नाणं टाकायचं, असं सांगतात.

इतिहासाच्या तासाला हा लेख 'साधने' या धड्यात येतो: शिलालेख, ताम्रपट, नाणी. मुलं नाव पाठ करतात. पण राणीने आपला वैभवाचा लेख राजधानीत न कोरता या वाऱ्या-पावसाच्या खिंडीत का कोरला असेल? नकाशा उघडला की उलगडा होतो. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. वर जुन्नर. पुढे गोदाकाठी पैठण, त्याच्याही पुढे तेर. बंदरात उतरलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला वर जायचं तर या चिंचोळ्या वाटेतून, एकामागे एक, धापा टाकत जावं लागणार. दमलेला माणूस जिथे हमखास थांबतो, तिथेच राणीने आपली पाटी लावली! जाहिरातीचे फलक लावणाऱ्यांना ही जागेची निवड लगेच पटेल.

आता वाऱ्याकडे बघू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक खलाशाने लिहिलेलं 'पेरिप्लस' हे प्रवासाचं टिपण आहे. इजिप्तहून भारताकडे येणारी जहाजं जुलैच्या सुमारास निघत, असं त्यात आहे. भूगोलाच्या पुस्तकातले नैऋत्य मोसमी वारे ते हेच. त्याच वाऱ्यांनी आपल्याकडे पाऊस आणि त्यांच्याकडून जहाजं आणली. परतीला ईशान्येकडून वाहणारे हिवाळी वारे. म्हणजे व्यापाऱ्याला इथे काही महिने मुक्काम करणं भागच होतं. या टिपणात पैठण आणि तेर दोन्ही आहेत. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड जात, तेरहून कापड. हा अकीक तयार होतो तो लाव्हा थंड होताना राहून गेलेल्या पोकळ्यांमध्ये. ज्या लाव्हाने कडा रचला, त्याच्याच बुडबुड्यांतला दगड रोमन जगात चालला होता.

इथे मुलांना एक कोडं घालावं. पैठणचा माल जवळच्या कल्याणला उतरवायचा सोडून थेट भडोचला जातो. पेरिप्लस सांगतं, भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे. एवढा वळसा कशाला? फक्त भूगोलाचं पुस्तक हातात असेल तर हे कोडं सुटत नाही. उत्तर राजकारणात आहे. कल्याणला येणाऱ्या ग्रीक जहाजांना त्या काळी मज्जाव होता. चुकून आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. गुजरातकडचे क्षत्रप आणि पैठणचे सातवाहन यांच्यात बंदरं आणि घाट यांवरून झुंज चालू होती. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. लढाई कोणी जिंकली, हे वेगळं सांगायला नको. डोंगर तिथेच होता, समुद्र तिथेच होता, आणि तरी वाट बदलली होती.

हे कोडं मला फार मोलाचं वाटतं, कारण भूगोल-इतिहास एकत्र करताना एक सापळा असतो आणि उत्साही शिक्षक त्यात पटकन सापडतात. सह्याद्री राकट म्हणून माणसं राकट, आणि माणसं राकट म्हणून स्वराज्य. वक्तृत्वस्पर्धेत या वाक्याला टाळ्या पडतात. पण हाच सह्याद्री, हेच किल्ले त्याआधी बहमनी, निजामशाही, आदिलशाही सत्तांकडेही होतेच. डोंगराचा उपयोग कसा करायचा, कुठल्या घाटावर चौकी बसवायची, कुठल्या खोऱ्यातल्या देशमुखाला आपलंसं करायचं, हे ठरवणारी माणसं बदलली तेव्हा डोंगराचा अर्थ बदलला. पुढे तो पुन्हा बदलला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडासमोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि काही दिवसांत गड घेतला. कड्याची उंची वीतभरही कमी झाली नव्हती.

घाटवाटांचं कोडं घेऊन पायी फिरणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, पेशा गणिताचा, मुक्काम पुण्यात. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, धनगरांच्या वाटा, गावाबाहेरच्या देवींची ठाणी आणि गारगोटीची पुरातन हत्यारं ते नकाशावर मांडत गेले, आणि कार्ले-भाजे-जुन्नरच्या लेण्यांचं नातं त्यांनी जुन्या व्यापारी वाटांशी जोडलं. लेणी एकांतासाठी रानात खोदली, असं आपल्याला सहलीत सांगितलेलं असतं. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत, म्हणजे एकांत जरा गजबजलेलाच होता. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, हा बौद्ध संघाचा नियम. त्याच पावसाने व्यापाऱ्यांच्या वाटाही बंद. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत यवनही आहेत. आणि कार्ले कुठे, तर बोरघाटाच्या माथ्याजवळ. आपली गाडी जिथे धापा टाकत पोचते, तिथेच.

मग नाणेघाट मागे पडून बोरघाट पुढे कसा आला? घाटांना काहीच झालं नव्हतं. बदललं ते खालचं बंदर आणि वरचं शहर. सोपाऱ्याच्या खाडीत गाळ भरला. आज नालासोपाऱ्याला लोकलमध्ये शिरण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला आपण अशोकाचा शिलालेख सापडलेल्या बंदरात उभे आहोत, हे जाणवायला जागाच नसते. सतराव्या शतकात मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेली, अठराव्या शतकात पुणे पेशव्यांची राजधानी म्हणून वाढलं. दोघांना जोडणारी सरळ वाट बोरघाटाची. १८३० मध्ये तिथे गाडीरस्ता झाला. मग रेल्वे.

रेल्वेच्या गोष्टीत एकदम लांबचा भूगोल शिरतो. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुख्यतः अमेरिकेतून येई. एकाच देशावर अवलंबून राहणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे उभी करण्यासाठी धडपडणाऱ्या जॉन चॅपमनने १८५१ मध्ये पुस्तक लिहिलं, तेही भारतातला कापूस आणि व्यापार याच विषयावर. दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे, वाटेत धूळ खात, भिजत. म्हणून १८५६ मध्ये बोरघाटाचं काम निघालं. खडक फोडून २५ बोगदे काढले. १८६१ च्या सुमारास तिथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि कॉलऱ्याने व अपघातांनी किती गेले त्यांच्या नावांची पाटी कुठे नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तर त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट चालू ठेवलं. १८६३ मध्ये गाडी घाट चढली.

जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. हा धनगर, त्याने साहेबाला वाट दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, असं सांगतात. गाडीवाले आजही तिथे नाणं टाकतात. गोष्ट खरी की रचलेली यापेक्षा मला तिच्यातला दावा ऐकण्यासारखा वाटतो. साहेबाकडे दुर्बीण होती, पण कुठली नाळ वर निघते आणि कुठली कड्यावर नेऊन सोडते, हे मेंढरांमागे फिरणाऱ्याला ठाऊक होतं. भूगोल कोणाचा, हा प्रश्न आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हता.

गाडी चढली तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस थांबला, इकडचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरांचा जुगार रंगला, देशावर शेतकऱ्याला सावकार आपणहून उधारी देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पाठोपाठ शेतसारा वाढला. पर्जन्यछायेतल्या, एका पावसाने दगा दिला की मोडणाऱ्या गावांत कर्ज तेवढं शिल्लक राहिलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. 'दख्खनचे दंगे' म्हणून हे इतिहासात दोन ओळींत येतं. त्या दोन ओळी समजायला काळी माती, पर्जन्यछाया, मिसिसिपीकाठचे मळे आणि बोरघाट एकाच फळ्यावर काढावे लागतात. मी एकदा काढले. फळा अपुरा पडला आणि तास संपल्याची घंटा मुलांनी ऐकली नाही, एवढं मला आठवतं.

कड्याची गोष्ट अजून बाकी आहे. तोवर सगळ्यांना जो अडथळा वाटत होता, त्याच्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांच्या अभियंत्यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. वर पाऊस भरपूर, खाली पाचशे मीटरहून अधिक उभा उतार. लोणावळ्याच्या आसपास धरणं बांधून पाणी नळांतून खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मग मुळशी. मुळेचं पाणी खरं तर मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते अडवून पश्चिमेला भिऱ्याकडे वळवलं. मुळशी खोऱ्यातली भातशेतीची गावं पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट त्यातूनच महाराष्ट्राला माहीत झाले. धरण झालंच. भूगोलात मुळशी 'जलविद्युत प्रकल्प' या तक्त्यात असतं, इतिहासात 'सत्याग्रह' या यादीत. ते एकच पाणी आहे, हे वर्गात बऱ्याच जणांना कधीच कळत नाही.

हे सगळं वर्गात बसवायला फार साहित्य लागत नाही. समोच्चरेषांचा एक मोठ्या प्रमाणावरचा नकाशा आणि वर ठेवायला ट्रेसिंग पेपर पुरतो. रेषा जिथे दाटीने एकवटतात तो कडा. त्या दाटीतून पेन्सिल न उचलता खालून वर जायची वाट शोधा, एवढंच सांगायचं. मुलं चुकतात, दरीत पडतात, परत फिरतात. पाच-सहा जागा सापडल्या की दुसऱ्या कागदावर लेणी आणि किल्ले मांडायचे, तिसऱ्यावर आजचे रस्ते. कागद एकमेकांवर ठेवले की कुजबुज सुरू होते. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा आजचा महामार्ग माळशेजमधून जातो आणि नाणेघाट तिथून हाकेच्या अंतरावर, हे मुलांना आपणच शोधून काढल्याचा आनंद होतो. कोणीतरी गावांची नावं वाचू लागतं: घाटघर, पेठ, चौक. खामगावच्या शाळेने घाट कशाला घ्यावा, तिने कापसाची पेठ घ्यावी. दाभोळच्या शाळेने खाडी घ्यावी.

फ्रान्समध्ये माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल एकच शिक्षक शिकवतो. इतिहासकार फर्नां ब्रोदेलने १९४९ च्या आपल्या ग्रंथात राजाच्या आधी भूमध्य समुद्रालाच नायक केलं, त्यामागे ही सवय असावी असा माझा तर्क. आपल्याकडे एनसीईआरटीने २०२४ पासून सहावीला सामाजिक शास्त्रांचं एकच पुस्तक आणलं आहे. पुस्तक एक झालं हे चांगलंच. शिक्षकाच्या डोक्यातली कपाटं एक व्हायला वेळ लागेल, माझी तर अजून पुरती झालेली नाहीत.

याचा पुरावा माझ्याकडे आहे. घाटाचे ते तास झाल्यानंतर घटक चाचणीत मी प्रश्न घातला, 'भौगोलिक कारण लिहा: पुण्याला जाणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिन जोडतात.' गुण दोन. बहुतेकांनी सह्याद्रीचा तीव्र उतार, चढ १:३७ वगैरे लिहिलं. एका मुलीने लिहिलं, 'कारण विलायतेला कापूस पाहिजे होता आणि मध्ये डोंगर आला.' मी लाल पेन घेतलं, सवयीने 'भौगोलिक' या शब्दाखाली रेघ ओढली आणि एक गुण दिला. वही तिला परत गेली. नंतर पुष्कळ दिवसांनी, गाडी कर्जतला थांबलेली असताना, ते वाक्य मला आठवलं.